नेरीची शपथ

नेरीचं प्रेत शमायालाच सापडलं, खाऱ्या समुद्राच्या वरच्या बाजूला, एका कोरड्या ओढ्यात. तोंडात खारट झुडपाचा पाला तसाच होता, अर्धवट चावलेला. धाकट्या भावाच्या दातांमधून तो पाला शमायाने बोटाने काढला, आणि त्याच वेळी जक्कूरचं नाव मनात पक्कं धरलं.

समुद्राकाठी राहून धर्मलेखांच्या नकला करणाऱ्या त्यांच्या संघाचा नियम सगळ्यांना पाठ होता. धर्मलेख वाचताना देवाचं नाव ज्याने तोंडाने उच्चारलं, तो कायमचा बाहेर. बाहेर काढलेल्याने काय खायचं, याबद्दल नियम गप्प होता. पण संघात येताना प्रत्येकाने शपथ घेतलेली असायची की परक्याच्या हातचं अन्न शिवणार नाही. नेरीने ती शेवटपर्यंत पाळली. जवळच्या यरीहो गावच्या बायकांनी भाकरी पुढे केली, तर हा हात जोडून पुढे चालू लागायचा, असं नंतर शमायाच्या कानावर आलं.

नेरीने नाव उच्चारल्याचं सभेत जक्कूरने सांगितलं होतं. पंगतीत तो नेरीच्या एक जागा खाली बसायचा, आणि नेरीचं अक्षर असं होतं की संघाचा कारभारी त्याला आणखी वर बसवणार, हे उघड होतं. दुसरा साक्षीदार म्हातारा ओबेद. त्याने नुसती मान हलवली. दोन साक्षी झाल्या, निकाल झाला. पुढच्या हिवाळ्यात ओबेद वारला. नेरीच्या जागेवर जक्कूर बसला.

शमाया मात्र वाट पाहत राहिला. रोज पहाटे जक्कूरशेजारी त्याच टाक्यात स्नान करायचा, त्याच पंगतीत भाकरी मोडायचा. 'भाऊ' म्हणायचा. मनातल्या मनात त्याला पाला चारायचा.

कितीतरी वर्षांनी संधी आली. लिहायचं चामडं आणायला जक्कूर धनगरांकडे जायचा, आणि परतला की त्याच्या दाढीला धुराचा वास यायचा. एकदा शमाया मल्लूखला सोबत घेऊन मागोमाग गेला. मल्लूखची जीभ कधी खोटं बोलत नाही, हे सगळा संघ जाणून होता. दोघांनी खडकाआडून पाहिलं. जक्कूर धनगरांच्या घोळक्यात मांडी घालून बसला होता आणि बकऱ्याची भाजलेली तंगडी दोन्ही हातांनी ओरबाडत होता.

"काय रे हे," मल्लूख पुटपुटला. "आणि आम्हाला हात कसे धुवावेत ते शिकवतो."

"सभेत सांगशील?"

"न सांगून काय करू? पाहिलंय ना."

जक्कूरलाही बाहेर काढलं. उंबऱ्यापाशी तो शमायाजवळ थांबला. "जमलं तुझं," एवढंच म्हणाला.

महिनाभराने कारभाऱ्याची परवानगी काढून शमाया यरीहोला गेला. जक्कूरला मरताना त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. ओढे धुंडाळले, खडकांच्या सावल्या पाहिल्या. शेवटी एका बाईने बोट दाखवलं.

जक्कूर आपल्या बहिणीच्या अंगणात मसुरीची आमटी ओरपत बसला होता. पोट सुटलं होतं.

"ये, बैस," तो म्हणाला. "खजूर घे. ताजे आहेत."

"तुझी शपथ?"

"तिने पोट भरत नाही रे. तुझा भाऊ भोळा होता. एक भाकरी खाल्ली असती तर आज नातवंडं खेळवत असता. त्याला उपाशी मर म्हणून मी सांगितलं नव्हतं."

शमायाने आजूबाजूला पाहिलं. अंगणात मुसळ पडलेलं होतं. पण जक्कूरची बहीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि तो पाठ फिरवून निघाला. वाटभर त्याला एकच गोष्ट जाळत होती. ज्या नियमाने नेरी मेला, त्या नियमाने जक्कूर मरूच शकत नव्हता. हा फास फक्त खऱ्या माणसाच्याच गळ्याला बसत होता.

त्याच उन्हाळ्यात रोमी फौज यरीहोत उतरली. धूर संघाच्या वस्तीपर्यंत दिसला. कारभाऱ्याने धर्मलेखांच्या सगळ्या गुंडाळ्या कड्यावरच्या गुहांत हलवायला सांगितल्या. माणसं त्या तागाच्या कापडात बांधून बरण्यांत घालून वर नेऊ लागली. शमाया पायवाटेच्या तोंडाशी शेवटच्या बरण्या सांभाळत बसला होता, तेव्हा जक्कूर लंगडत आला. पाय रक्ताने माखलेले.

"बहीण गेली," तो म्हणाला. "घोडेस्वार मागे आहेत. कुठलीही गुहा दाखव. तुम्ही गुंडाळ्या जिथे लपवताय तिथे."

"आधी सांग. नेरीने नाव उच्चारलं होतं?"

जक्कूर खाली बसला. "नाही."

"आणि ओबेद?"

"त्याला कुठे ऐकू यायचं? मी मान हलवली, त्यानेही हलवली." त्याने शमायाचा पाय धरला. "वर ने मला. हवं तर सगळ्यांसमोर हेच सांगतो."

शमायाने पाय सोडवून घेतला. "बाहेरच्याला गुहा दाखवायची नाही. शपथ आहे."

"शमाया, अरे—"

"आम्ही शपथ पाळतो. आमच्या घराण्याची खोड आहे ती."

जक्कूरने पुन्हा त्याचा पाय धरला नाही. मग उठून समुद्राकाठाने दक्षिणेला निघाला. तिकडे ना झाड, ना आडोसा. थोड्या वेळाने काठावर धूळ उठली. घोड्यांनी त्याला घेरलं, आणि धूळ खाली बसली तेव्हा उभा असलेला माणूस दिसला नाही. शमायाने सगळं पाहिलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं त्याला, अगदी गोड वाटलं.

बरण्या घेऊन तो वर गुहेत गेला तेव्हा मल्लूख बरण्यांची तोंडं बंद करत होता. एक गुंडाळी त्याने उलगडून पाहिली आणि बाजूला सारली.

"ही नेरीच्या हातची ना? बहिष्कृताची. बरण्या कमी पडतील, ही तशीच ठेव कोपऱ्यात."

"नेरी निर्दोष होता," शमाया म्हणाला.

"तू भाऊ आहेस, तू असं म्हणणारच. साक्ष आहे का कुणाची?"

शमायाने खाली समुद्रकाठाकडे पाहिलं; तिथे आता साक्ष द्यायला कुणीच उभं नव्हतं.

मल्लूख पुढच्या बरणीकडे वळला. शमायाने ती गुंडाळी उचलली. नेरीची अक्षरं एका ओळीत, सुईने ओवल्यासारखी उभी होती. त्याने अंगावरचं वस्त्र फाडून ती त्यात बांधली आणि गुहेच्या आतल्या कोपऱ्यात, उघड्या जमिनीवर, एका चपट्या दगडाखाली ठेवली. काम आटोपून खाली उतरलेल्या मल्लूखने दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही.