बाहेरची कडी

सुधन्वा शाळेतून आला की सुनेत्रा आधी त्याची पाण्याची बाटली हातात घेऊन बघे. त्या दिवशीही ती सकाळी भरली होती तशीच परत आली होती. ऑगस्टचा दमट उकाडा, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला कूलर नुसता घुरघुरत होता, आणि हे आठवीतलं पोर सात तास घोटभर पाणी न पिता वर्गात बसून आलं होतं.

“का रे, आजही नाही?”

“पाणी प्यायलो की टॉयलेटला जावं लागतं ना, आई.”

सुधन्वाचे केस मानेवर रुळत. डोळ्यांत काजळ असे. चालणं-बोलणं लहानपणापासून मुलींसारखं. हा काही आजार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि सुनेत्राला ते केव्हाच पटलं होतं. शाळेला कोण सांगणार? मुलांच्या टॉयलेटमध्ये मुलं छळत, मुलींच्या टॉयलेटकडे फिरकायची बंदी. म्हणून पोराने स्वतःपुरता उपाय शोधला होता. तहान मारायची.

त्याचे वडील सूर्यकांत पाठारे केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. बावीस वर्षं फायलींवर टिपणं लिहिण्यात गेलेली. पाठाऱ्यांच्या मसुद्यात साहेबांना स्वल्पविरामसुद्धा बदलावा लागत नाही, असं ऑफिसात म्हणत, आणि ते ऐकायला सूर्यकांतला फार आवडे.

पुढच्याच आठवड्यात चार मुलांनी सुधन्वाला मारलं, अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि त्याला टॉयलेटमध्ये कोंडलं. शिपायाने दार उघडलं तेव्हा दोन तास उलटून गेले होते. पोर हाकाही मारत नव्हतं.

प्रिन्सिपल मॅडमनी सूर्यकांतला बोलावून घेतलं, चहा मागवला. आवाज अगदी मायेचा.

“पाठारे जी, हम तो बच्चे का भला ही चाहते हैं। नोएडा में ऐसे बच्चों का एक अलग सेंटर है, बहुत अच्छा। बस, एप्लिकेशन आपकी तरफ़ से आनी चाहिए।”

“और वो चार लड़के?”

“उनको समझा दिया है। बोर्ड तक जाना है उन्हें, करियर का सवाल है।”

ऑफिसात एखाद्या गळक्या छताची तक्रार आली तरी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय सूर्यकांत टिपण लिहीत नसे. इथे तो दहा पावलांवरचं टॉयलेट बघायला उठला नाही. त्याने कागद मागितला. ‘पाल्याच्या सर्वोत्तम हितासाठी, कोणाच्याही दबावाविना, आम्ही स्वेच्छेने...’ शुद्ध सरकारी इंग्रजीत, एका बैठकीत, खाडाखोड न करता त्याने अर्ज लिहिला. स्वतःच्या लेकराला शाळेबाहेर काढणाऱ्या कागदावरही या माणसाला आपल्या मसुद्याचं कौतुक वाटलं, याला काय म्हणावं?

नोएडाचं सेंटर वाईट नव्हतं, हेही खरं सांगायला हवं. एका खोलीत नऊ ते सतरा वर्षांची अकरा मुलं, आणि त्यांना जीव लावणाऱ्या वृंदाताई. तिथे कुणी कुणाला हसत नसे. पहिल्या दिवशी बाटली रिकामी होऊन परत आली तेव्हा सुनेत्रा ओट्याला टेकून रडली होती.

पण तिथे शिवण होतं, मेंदी होती, पार्लरचा कोर्स होता. सायन्स शिकवायला कुणी नव्हतं. सुधन्वाला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. कॉलनीतल्या सगळ्या कुत्र्यांच्या दुखण्याखुपण्याची त्याची एक वही होती. फेब्रुवारीपर्यंत ती वही माळ्यावर गेली.

“ताई म्हणतात, दहावी बाहेरून देता येईल,” तो एकदा जेवताना म्हणाला. “लॅब नाही मिळणार पण. बाबा, मारलं त्यांनी आणि शाळा माझी सुटली. ये क्या बात हुई, यार?”

सूर्यकांतने पोळीचा तुकडा मोडला आणि आमटीत नुसताच बुडवून ठेवला.

एप्रिलमधल्या एका रविवारी भाऊसाहेब पेढे घेऊन आले. मूळचे नगर जिल्ह्यातले, पलीकडच्याच ब्लॉकमध्ये राहणारे, दुसऱ्या खात्यातले. त्यांची मयुरा त्याच शाळेत दहावीत होती. केस बारीक कापलेले, शर्ट-पँट घालणारी, कबड्डीत मुलांना लोळवणारी मुलगी.

“तुमचे आभार मानायला आलो, पाठारेसाहेब. मयुरालाही काढायला सांगितलं शाळेने. म्हटलं, अर्ज काय लिहायचा? तर मॅडमनी छापील फॉर्मच दिला. म्हणाल्या, ‘पाठारे जी का ड्राफ्ट है।’ मी डोळे झाकून सही केली बघा.”

त्यांनी खिशातून झेरॉक्स काढली. सूर्यकांतची वाक्यं, स्वल्पविरामासकट. फक्त नावाच्या जागी टिंबं टिंबं होती.

“मग मयुरा नोएडाला जाते का?” सुनेत्राने विचारलं.

“छे हो! तसल्या मुलांत पोरीला कशाला घालू? गावी पाठवली आत्याकडे. स्थळ आलंय. मुलगा बागायतदार आहे. लग्न झालं की सुतासारखी सरळ होईल. पेढे त्याचेच आहेत.”

“सोळावं चाललंय तिला, भाऊसाहेब.”

“गावाकडे कोण विचारतंय, वहिनी?”

“मी विचारतेय. तुमच्या तोंडावर सांगते, आत्ताच्या आत्ता एक-शून्य-नऊ-आठला फोन करणार आहे मी. मुलांच्या हेल्पलाइनला.” तिने पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत ठेवला.

भाऊसाहेब लालबुंद होऊन सूर्यकांतकडे बघत राहिले. सूर्यकांतचं लक्ष त्या झेरॉक्सवर होतं. दार आपटून ते गेले आणि सुनेत्राने फोन करून तक्रार नोंदवली, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, “तिला मीच पाठवलं, सुनेत्रा. अजून किती जणांना पाठवलं असेल, देव जाणे.”

त्याने सुधन्वाला जवळ बसवलं. “परत जायचंय का तुला त्या शाळेत? नाही म्हणालास तरी चालेल.”

“भीती वाटते. पण हो. तुम्ही येणार सोबत?”

“येणार.”

या वेळचा अर्ज चार ओळींचा होता आणि त्यात एकही देखणं वाक्य नव्हतं. माझा मुलगा स्वेच्छेने गेला नव्हता. त्याला मारलं आणि मी घाबरलो. माझा आधीचा अर्ज खोटा आहे, तो कुणालाही नमुना म्हणून देऊ नये. त्याला परत घ्या.

सोमवारी सकाळी आठला दोघं शाळेत पोचले. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. अकरा वाजले, तरी मीटिंग संपेना. सुधन्वा मांडीवर बाटली घेऊन बाकावर बसून होता. सूर्यकांतला लघवीला जायचं होतं. शिपायाने कॉरिडॉरच्या टोकाला बोट दाखवलं.

दाराशी येऊन तो थबकला. कडी बाहेरच्या बाजूला होती. हातभर लांबीची, लोखंडी, घासून गुळगुळीत झालेली. सुधन्वाला कोंडलं त्याला आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात मुलगा काढला, मुलगी काढली, फॉर्म छापले. कडी काढायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. त्याच्याही आलं नव्हतं.

जन्मात सरकारी पेन्सिल घरी न नेलेल्या त्या माणसाने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि एकेक स्क्रू पिळायला सुरुवात केली. शेवटचा स्क्रू गंजला होता. बोट सोलवटलं, तरी त्याने तो काढलाच.

मग तो सरळ मॅडमच्या खोलीत शिरला, टेबलावर अर्ज ठेवला आणि अर्जावर कडी ठेवली.

“यह क्या है? यह स्कूल की प्रॉपर्टी है!”

“जी। जमा कर लीजिए,” सूर्यकांत म्हणाला. “और दोनों की रसीद दीजिए।”

“सीटें फुल हैं। पुलिस बुलाऊँ?”

“ज़रूर बुलाइए। उनको भी यही दिखाना है।”

रसीद मिळाली नाही. तो बाहेर येऊन लेकाशेजारी बाकावर बसला. पावती हातात पडल्याशिवाय उठायचं नाही, आज नाही तर उद्या पुन्हा यायचं, हे त्याने ठरवलं होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलांचा लोंढा समोरून गेला, त्यातली दोन-तीन सुधन्वाकडे बघून फिदीफिदी हसली.

“कडी काढली मी,” सूर्यकांत त्याच्या कानाशी म्हणाला. “पाणी पी आता.”

सुधन्वाने मान डोलावली, झाकणावर हात ठेवला आणि हसणारी मुलं गेली त्या दिशेला बघत राहिला. दोन वाजता शाळा सुटली तेव्हा बाटली भरलेलीच होती.