गिरणीआडचं गाणं

सकाळचा चहा झाला, भांडी विसळून झाली, की वहिनी पुढच्या दाराने गिरणीत उतरायच्या. घर मागे, गिरण पुढे, मध्ये दोन-तीन पायऱ्या. नाकातोंडावर सुती फडका बांधायचा, नवऱ्याचा पिठाने पांढरा झालेला जुना सदरा वरून चढवायचा, रांगेतला पहिला डबा उचलून गहू वरच्या तोंडात ओतायचे आणि खटका दाबायचा. मोटार घरघरायची, पट्टा फिरायला लागायचा, आणि अख्खी खोली अशी थरथरायची की खिळ्याला टांगलेली किल्लीसुद्धा नाचायची. खिडकीशी उभ्या गिऱ्हाइकाशी बोलायचं तर हातवाऱ्यांनीच. पीठ बारीक हवं असेल तर चिमूट दाखवायची, जाडसर हवं असेल तर मूठ.

आणि मग वहिनी गायच्या.

फडक्याआड, गळा पार मोकळा सोडून गायच्या. गिरण इतकी गर्जत असायची की स्वतःचा सूर त्यांना कानांनी नाही, छातीत ऐकू यायचा. बाहेरच्याला दिसायची ती पिठाने भुवया पांढऱ्या झालेली, खाली मान घालून काम करणारी एक बाई. "काय सोशिक आहे हो!" असं लोक म्हणायचे. सोशिक कसली डोंबलाची! बाई आत मैफल करत होती.

लहानपणी त्या गायच्या ते सगळी आळी ऐकायची. लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत शोभतो." नवरा तसा भला माणूस, पण तोही म्हणाला, "कशाला उगाच? लोक ऐकतात." पुढे तो गेला. गिरण बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून वहिनी पुढे आल्या, आणि पहिल्यांदा खटका दाबला त्या दिवशीच त्यांना कळलं, की या आवाजाखाली काहीही केलं तरी कुणाला ऐकू येत नाही. त्या दिवशी त्या आधी रडल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या गायल्या. मग रोजच गायला लागल्या.

आता आपण म्हणतो, जमाना बदलला. नवरा गेलेल्या बाईला आता कुणी घराबाहेर काढत नाही, तिचं ताट वेगळं मांडत नाही. खरं आहे. आपण फक्त तिचं हसणं मोजतो. ती जरा मोठ्याने हसली की शेजारणी एकमेकींकडे बघतात, आणि त्या बघण्याची ती इतकी सवय करून घेते की पुढे कुणी बघायचीही गरज उरत नाही.

त्या दुपारी गिरणीपुढे गर्दी होती. डब्यांची रांग पायरीपर्यंत गेली होती, समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात जांभया देत होता. वहिनींनी मावशीचं जुनं गाणं धरलं होतं. कुणी रचलं देव जाणे, मावशी गायची म्हणून मावशीचं.

"फाटकापाशी उभी अजून मी, येशील का रे सांजवेळी..."

'येशील का रे' वर त्यांनी डोळे मिटून सूर उंच नेला, आणि वीज गेली.

मोटार क्षणभर कण्हली आणि थांबली. पट्टा थांबला. किल्ली थांबली. थांबला नाही तो फक्त वहिनींचा गळा. "सांजवेळी" हा शब्द भर दुपारी, चिडीचूप रस्त्यावर, समोरच्या गच्चीपर्यंत गेला.

वहिनींनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. शिंप्याची जांभई अर्धीच राहिली. कुणीतरी फिसकन हसलं. रांगेतल्या एका बाईने शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज काही खाली आणला नाही. "बघा, नवरा गेला आणि बाईला सूर लागला!"

वहिनींनी फडका डोळ्यांपर्यंत ओढला आणि पोत्यांमागे जाऊन बसल्या. वीज परत आली तरी बराच वेळ उठल्या नाहीत. शेवटी लोकच डबे आपटायला लागले, तेव्हा उठल्या आणि मुकाट्याने दळत राहिल्या.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला. सूनबाई भाजी चिरत होती. तिने सुरी बाजूला ठेवली.

"आई, आज काय केलंस तू?"

"काय केलं?"

"चहाच्या दुकानात शिरलो तर सगळे गप्प. सगळे! मग कोपऱ्यातल्या एकाने गुणगुणायला सुरुवात केली. तुझं ते फाटकाचं गाणं."

"गाण्यात वाईट काय आहे रे?"

"वाईट काही नाही गं! पण तुझं वय काय, बाबा नाहीत, आणि गाणं तरी कुठलं? ये म्हणून हाक मारणारं. कुणाला हाक मारत होती, असं लोक विचारतात."

"कुणालाच नाही. मी गात होते. तू काय सांगितलंस त्यांना?"

"मी काय सांगणार? मान खाली घालून चहा प्यायलो."

पोरगा वाईट नव्हता. बाप गेल्यावर लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, "आईला नीट सांभाळलंस हो!" असं चारचौघांत म्हटलं होतं. त्या शाबासकीवर तो जगत होता. आई जितकी गप्प, तितकी त्याची शाबासकी मोठी. हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि आणून द्यायला कुणी बसलंही नव्हतं.

"उद्यापासून तू गिरणीत उतरू नकोस," तो म्हणाला. "माणूस ठेवतो. तू आराम कर."

त्याने गिरणीत उतरून खिळ्यावरची किल्ली काढली आणि खिशात टाकली. झालं. एका बाईचा गळा बंद करायला यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि वर त्याला आराम म्हणायचं.

मग वहिनींचा आराम सुरू झाला. पुढून गिरणीची घरघर यायची आणि त्या मागच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून असायच्या. उशीत तोंड खुपसून गाऊन पाहिलं, जीव गुदमरला. नळ सोडून पाहिला, तर सूनबाई हळूच आत आली आणि नळ बंद करून गेली. "आई, पाणी वाया जातंय," एवढंच म्हणाली. घरात तीन माणसं होती, आणि दिवसभरात वहिनींच्या वाट्याला बोलणं यायचं ते "जेवलात का?" आणि "दार लावून घ्या."

नणंदबाई आल्या त्या बातमी ऐकूनच. नवऱ्याची थोरली बहीण, त्यांचाही नवरा जाऊन वर्षं झालेली. खुर्चीत बसल्या आणि तोफखाना सुरू झाला.

"अगं, जनाची नाही, मनाची तरी! आम्हीही काढलेच ना दिवस? आवाज आला कधी कुणाला? पोराला चारचौघांत मान खाली घालायला लावलीस."

"चुकलं, ताई."

"चुकलं म्हणून भागतं होय!"

चहा झाला. नणंदबाई उठल्या, चपला घातल्या, दाराशी गेल्या आणि तिथेच अडखळल्या. मागे वळून बघितलं, सूनबाई आत असल्याची खात्री केली आणि अगदी हळू विचारलं, "काय गं, ते पुढे कसं आहे? फाटकापाशी उभी अजून मी, त्याच्या पुढचं कडवं?"

वहिनी बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत नणंदेचा असा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी कडवं सांगितलं, गाऊन नाही, नुसतं बोलून. नणंदबाईंनी ओठ हलवून ते पाठ केलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्या गेल्यावर वहिनींना भडभडून आलं. कुणाला भीत होतो आपण? हिला? ही तर आपल्यापेक्षा जास्त भ्यालेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी केस विंचरले, पायात चपला घातल्या आणि "जरा जाऊन येते" म्हणून निघाल्या. चौकापलीकडे, औषधाच्या दुकानावरच्या माडीत गाण्याच्या बाई राहायच्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, तोंडाने फटकळ. त्या दुपारी त्याही डबा घेऊन रांगेत होत्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "शिकायचं असेल तर या. घाबरायचं असेल तर येऊ नका."

खोलीत एक सतरंजी, एक पेटी, आणि रस्त्यावर सताड उघडी खिडकी.

"खिडकी लावू का?" वहिनींनी आल्या आल्या विचारलं.

"नाही. मला उकडतं. गा."

वहिनींनी तोंड उघडलं. खाली भाजीवाला ओरडत होता, सायकलची घंटी वाजली, मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत त्यांच्या गळ्यातून काही म्हणजे काही निघेना.

"बाई, पंखा लावता का? जरा आवाजाचा असला तरी चालेल."

"का? आज पंखा, उद्या मिक्सर, परवा काय, बँडवाले आणू?" बाईंनी पेटीवर एक सूर धरला. "हा घ्या. हळू."

वहिनींनी सूर लावला तो असा दणदणीत, की बाईंनी कानावर हात ठेवला. "अहो, मी इथे हातभर अंतरावर बसलेय! गिरणीशी भांडून भांडून तुमचा गळा भांडकुदळ झालाय. सूर पक्का आहे, पण तुम्हाला हळू गाताच येत नाही."

खरंच येत नव्हतं. इतकी वर्षं ओरडून लपवलेलं गाणं हळू करायला गेलं की फाटायचं, घोगरं व्हायचं. वहिनी त्या दिवशी रडत घरी आल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. ते लोकांना घाबरून रडणं नव्हतं. आपल्याला काही येत नाही याचं, शाळकरी पोरीसारखं, साधं रडणं होतं. आणि गंमत म्हणजे त्याने जरा हलकंच वाटायचं.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी सूर लागला. हळू, बारीक, आणि अख्खा. वहिनींना स्वतःचा आवाज पहिल्यांदा कानांनी ऐकू आला. हा असा आहे होय! त्यांनी आनंदाने खिडकीकडे मान वळवली, आणि खाली रस्त्यावर मुलगा उभा.

कामावर निघाला होता, बरोबर कचेरीतला एकजण. दोघेही वर बघत होते. मुलाने भुवया आवळल्या आणि मान हलवली. बंद कर. बाईंची बोटं पेटीवर तशीच चालत राहिली. वहिनींनी श्वास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघत पुढची ओळ म्हटली. मुलाने पाठ फिरवली आणि तो झपाझप निघून गेला. बरोबरचा माणूस मात्र ओळ संपेपर्यंत तिथेच उभा होता, पण हे मुलाने पाहिलंच नाही.

संध्याकाळी ताटं मांडली होती. मुलाने घास उचलला आणि खाली ठेवला.

"उद्यापासून तिकडे जायचं नाही."

"जाणार," वहिनी म्हणाल्या.

"आई, मी विनवतोय तुला."

"मीही विनवतेय. तुझ्या बापाशी विनवून बोलले, तुझ्या आजीशी विनवून बोलले. आता तुझ्याशी. सकाळी शिकायला जाईन, आल्यावर गिरण मीच चालवीन. किल्ली दे."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"त्या दिवशी चहाच्या दुकानात तू मान वर करून एकदा म्हणाला असतास ना, माझी आई गाते म्हणून, तर तिथल्या तिथे मिटलं असतं. तुला जमलं नाही. मलाही इतकी वर्षं जमलं नव्हतं, म्हणून मी रागावत नाही तुझ्यावर. पण आता मला जमतंय, बाळा. तर मी थांबणार नाही."

"मग माझ्याशी बोलू नकोस."

"तू बोलायचं की नाही ते तू ठरव. मी बोलणार."

त्याने किल्ली ताटाशेजारी आपटली आणि उठून बाहेरच्या खोलीत गेला. सूनबाईने वहिनींकडे बघितलं, मग नवऱ्याचं ताट उचलून त्याच्या मागे गेली.

वाचकहो, अशा वेळी मुलाला उपरती होते आणि तो आईच्या पाया पडतो, असं लिहायला हात शिवशिवतो. पण तसं झालं नाही. आपल्या घरांत ते फार क्वचित होतं, आणि तुमच्या-माझ्या आयांनी त्या भरवशावर किती गाणी गिळली याचा हिशेब कुणी मागितलेला नाही.

वहिनी एकट्याच जेवल्या. भांडी घासायला बसल्या. घरात कसलाही आवाज नव्हता, आणि त्यांनी नळही सोडला नव्हता. हळू आवाजात त्यांनी सकाळचाच सूर धरला.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. पावलं मधल्या दारापर्यंत आली. वहिनींचा हात ताटावर थांबला, गळा थांबला नाही. क्षणभर त्यांना वाटलं, आत येतोय.

दार लागलं. पलीकडून कडीही लागली.

वहिनींचा सूर थरथरला, घोगरा झाला, पुन्हा लागला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी दंडाला पुसलं, हात राखेने भरलेले होते म्हणून. गाणं बरंच लांब होतं. बंद दाराकडे तोंड करून त्यांनी ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं.