माझ्यातली सावा, पडद्यावरची सावा

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. शिवण उसवलेली आणि त्याहून जास्त गोंधळलेली.

शिओझाकी मास्तरांनी मला लिहिले. त्यांची मुलगी सावा होडी उलटून तळ्यात बुडाली, तेव्हा त्यांनी तिला माझ्यात जपून ठेवले. लोक मला वाचून डोळे पुसत. मला वाटे, जन्माचे सार्थक झाले.

मग प्रकाशकाने माझी गोष्ट सिनेमावाल्यांना दिली. मी हरखून गेले. पण चित्रपट तयार झाला आणि माझी मतीच गुंग झाली! तळ्याचा समुद्र झाला होता. एक कुत्राही आला होता. मी माझे पान न् पान शोधले, माझ्यात कुत्रा नाही. आणि शेवटी म्हणे एक देखणा तरुण उडी मारून सावाला वाचवतो आणि त्यांचे लग्न होते. मग माझ्यात बुडते ती कोण?

मास्तर संतापले. ते मला घेऊन आमच्या गावच्या थिएटरातल्या बेन्शीकडे, कुमागाईकडे गेले. तेव्हा चित्रपट मुके असत. आमच्या जपानात पडद्याशेजारी उभा राहून बेन्शीच सगळ्या पात्रांचे बोलणे बोले. तो सांगेल ती गोष्ट.

“माझ्या पोरीचा तमाशा मांडलाय त्यांनी,” मास्तर म्हणाले. “तिचं मरण तरी तिचं राहू द्या.”

“मास्तर, जिवाला घोर लावून घेऊ नका. पडद्यावर काय वाट्टेल ते नाचू दे, लोकांच्या कानांत तुमचंच पुस्तक जाईल. लग्न दिसलं, की मी सांगेन, हे बापाचं स्वप्न होतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्याने मला आपल्या मेजावर उघडे ठेवले. मास्तर पुढच्याच रांगेत होते.

“कुमागाई, गळा साफ कर! काल आत बेडूक बसला होता!” मागून सुकी माकूळ मासळी चघळत कुणीतरी ओरडले.

“तुझाच जावई तो! पाहुणचाराला आला होता!” कुमागाई म्हणाला. सगळे हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत.

शेवटचे रीळ लागले. होडी उलटली. तरुणाने सावाला किनाऱ्यावर आणले. ती उठून बसली आणि केस पिळू लागली. कुमागाईने माझ्या ओळीवर बोट ठेवून सुरुवात केली, “पण मंडळी, हे सगळं त्या बापाचं...”

“गप्प बस!” मास्तर उभे राहिले होते. “अरे, उठलीय ती. केस पिळतेय बघ. बोलू दे ना रे तिला!”

कुमागाईने मला मिटले आणि सावाच्या आवाजात हळूच म्हणाला, “बाबा, भिजले हो मी. रागावू नका.”

मास्तर तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, मी खरी की तो चित्रपट बरा, हे मला अजून उमगलेले नाही. कुमागाई चुकला असेही मला म्हणवत नाही. तुम्ही मला जपा. माझी पाने दुमडू नका, फाडू तर मुळीच नका. सावा कशी गेली ते आता फक्त माझ्याजवळ आहे. पण शेजारी कुणी म्हातारे माणूस बसले असेल, तर शेवटचे पान मनातल्या मनात वाचा.