जज क्लोची मासळी

आमच्या लुइझियानात जज व्हायचं तर मतं मागावी लागतात, आणि मतं मागायची तर पैसा लागतो. ज्याला हे पटत नसेल त्याने दुसरं राज्य शोधावं. मी दोनदा निवडून आले, भल्याभल्यांच्या नाकावर टिच्चून आले, आणि तिसऱ्यांदाही येणारच होते. माझं नाव क्लोटिल्ड दुगास. कोर्टात सगळे अदबीने बोलतात, बाहेर पडले की मी सगळ्यांची जज क्लो.

खुर्चीचा मला मोह आहे, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठा मोह नावाचा. क्लोने पैसे खाल्ले असं म्हणायची इतक्या वर्षांत कोणाची टाप झाली नव्हती, आणि ही निवडणूकही मला त्याच नावावर जिंकायची होती.

जजने स्वतः कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, असा नियम आहे. ते काम समितीने करायचं. माझी समिती म्हणजे माझी थोरली बहीण नेटी आणि तिच्या दोन मोठ्या शेगड्या. निवडणूक आली की दर शनिवारी फायर स्टेशनच्या आवारात ती कॅटफिश मक्याच्या पिठात घोळवून तळते. सोबत बटाट्याचं सॅलड, पांढरे घेवडे आणि पावाचा तुकडा. दहा डॉलरला एक डबा. जमलेल्या पैशातून माझे फलक, माझी पत्रकं. इथे सगळेच उमेदवार असं करतात, पण नेटीच्या हाताची चव दुसऱ्या कोणाला नाही.

माझ्यासमोर उभा होता रँडल फॉशे. कोर्टात ह्या माणसाचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, पण त्याचे फलक मात्र हमरस्त्यावर दर मैलाला. पैसा राजधानीतल्या ‘न्यायप्रेमी नागरिक’ नावाच्या एका समितीचा. त्या समितीमागे कोण आहे हे कागदावर कुठेच नव्हतं, पण न्हाव्याच्या दुकानात विचारा, कोणीही सांगेल. पाइपलाइन कंपनी. कारण त्याच कंपनीविरुद्धचा दावा माझ्यापुढे होता.

दावा लावला होता मिस ओडीलिया रुसेल हिने. नवरा गेल्यावर ह्या बाईने एकटीने संत्र्याची बाग सांभाळली. कंपनीने पाइप टाकायला तिच्या जमिनीशेजारून कालवा खणला, काम झालं की तोंड बुजवू असं लिहून दिलं, आणि बुजवलं नाही. कालव्यातून समुद्राचं खारं पाणी आत आलं नि झाडं उभीच्या उभी वाळली. ज्युरी दोन्ही बाजूंना नको होती. निकाल मीच द्यायचा होता.

सुनावणीच्या दिवशी कंपनीचे वकील प्रेस्कॉट लानू उठले. लानू म्हणजे पांढरा सूट, चकचकीत बूट आणि चेहऱ्यावर सदान्‌कदा दुःख, जसं काही आपलंच नुकसान झालंय. ते म्हणाले की जजसाहेबांनी ह्या दाव्यातून बाजूला व्हावं, कारण वादीने त्यांच्या प्रचाराला पैसे दिलेत. मागच्या शनिवारी मिस ओडीलियाने नेटीकडून वीस डबे विकत घेतले होते.

कोर्टात कुजबुज झाली. मला हे माहीत नव्हतं. आवारात मी लोकांशी हात मिळवत फिरते, गल्ल्याकडे बघतसुद्धा नाही. मी मिस ओडीलियाला विचारलं की हे खरं आहे का. ती उठून उभी राहिली, चर्चला जाताना घालते ती टोपी नीट केली आणि म्हणाली, “खरं आहे. कंपनीने फलक लावले. मला फलक परवडत नाही. मी मासळी घेतली.”

सगळं कोर्ट हसलं. मीही हसले.

मग मी लानूंकडे वळले. त्यांच्या कचेरीनेही मागच्या निवडणुकीत माझ्या समितीला चेक दिला होता, आणि फॉशेलाही ह्या वेळी दिला होता, ह्याची मी त्यांना आठवण करून दिली. इतकंच कशाला, दोनच शनिवारांपूर्वी हे गृहस्थ स्वतः नेटीच्या शेगडीपाशी उभे राहून तेलाने हात माखून खात होते आणि कचेरीतल्या पोरांसाठी डबे बांधून नेत होते. तेव्हा त्यांचा नियम मला मान्य आहे, असं मी म्हटलं. तो लावायचा तर सरसकट लावू. त्यांच्या कचेरीचे माझ्यापुढे जेवढे दावे आहेत त्या सगळ्यांतून मी आजच बाजूला होते. आणि ‘न्यायप्रेमी नागरिक’ कोणाच्या पैशावर एवढं प्रेम करतायत, हेही शपथेवर सांगून टाका.

लानू पाणी प्यायले. कंपनीच्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. अर्ज मागे घेतो, असं ते म्हणाले, आणि पुटपुटत खाली बसले. काय सांगू, त्या दिवशी कोर्टाबाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते!

दावा सरळ होता. कंपनीने लिहून दिलेलं कंपनीनेच मोडलं होतं. मी निकाल दिला की कालव्याचं तोंड बुजवा आणि बागेची भरपाई द्या. वीस डबे काय, वीस ट्रक मासळी असती तरी ह्यात एक अक्षर बदललं नसतं, आणि एकही डबा नसता तरी नसतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

दोन दिवसांत हमरस्त्यावर नवे फलक झळकले. मासळीच्या डब्याचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘वीस डबे, एक निकाल’. नेटी संतापली, बदनामीचा दावा लाव म्हणाली. मी तिला गप्प केलं. म्हटलं, लोक मला ओळखतात. ह्या फलकाने फॉशेचंच हसं होणार.

आणि शनिवारी मी आवारात पोचले तर रांग! फायर स्टेशनच्या फाटकातून बाहेर, पार पेट्रोल पंपापर्यंत. एवढी गर्दी नेटीने जन्मात पाहिली नव्हती. तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कपाळावरचा घाम पुसत ती मला ओरडून म्हणाली, “बघितलंस? पैसा तिकडे, माणसं इकडे!” माझा ऊर भरून आला. वाटलं, सगळ्यांशी हात मिळवावा, एकेकाचे आभार मानावे. रांगेच्या शेपटापासून सुरुवात केली.

पहिल्याच माणसाला ओळखलं. बांधाच्या भांडणातला प्रतिवादी. त्याच्या पुढे चार माणसं सोडून वादी, हातात चांगली जाडजूड नोटांची घडी. त्याच्या पुढे घटस्फोटातली बाई. तिच्या पुढे दोन घरं भाड्याने देणारा तो मेला रॉबिशो, ज्याला एका भाडेकरूला बाहेर काढायचं होतं. मी हात मिळवत पुढे जात होते आणि माझं हसू ओठांवर सुकत चाललं होतं. अर्ध्याहून अधिक चेहरे माझ्या कोर्टातले होते. सगळे मला बघून ओळखीचं हसत होते, आपलं काम नक्की होणार असं.

मध्यावर मिस ल्युसिल उभी होती, इस्पितळात रात्री फरशी पुसणारी. तिचा पोरगा टेरेल चोरीच्या गाडीत सापडला होता. गुन्हा त्याने कबूल केला होता, शिक्षा मला सोमवारी सुनावायची होती. मी तिला म्हटलं, इतक्या उन्हात कशाला उभ्या राहिलात?

ती माझ्याजवळ सरकली. “जज क्लो,” ती हळूच म्हणाली, “जमिनीला वीस लागले म्हणतात. पोरासाठी किती घ्यावे लागतात?”

“एकही नाही,” मी म्हटलं. “डब्यांचा आणि केसचा काही संबंध नाही, मिस ल्युसिल. घरी जा.”

मी तडक शेगडीपाशी गेले आणि गॅस बंद केला. मग दुसरीचा. कढईतली मासळी अर्धी कच्ची राहिली. नेटी माझ्यावर खेकसली की डोकं फिरलंय का तुझं, पुढच्या शनिवारी मतदान आहे, पत्रकं कशाने छापायची? मी म्हटलं, नाही छापायची. बाकावर चढून मी मोठ्याने सांगितलं की विक्री बंद, ज्यांनी पैसे दिलेत त्यांनी परत घ्या, आणि कोणाच्याही केसमध्ये ह्याने काडीचा फरक पडणार नाही. माझा आवाज कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत जातो. इथेही गेला असणार.

रांग जागची हलली नाही. लोक एकमेकांकडे बघत होते, कोणी खिसा चाचपत होता. बाकावरून उतरले तर मिस ल्युसिल समोर. तिने पर्समधल्या सगळ्या नोटा काढून माझ्या मुठीत कोंबल्या आणि माझी बोटं मिटवली.

“उद्या भावाकडून आणखी आणते,” ती म्हणाली. “सोमवारच्या आत पोचतील.”