सरळ दात्यांचा खडखडाट

नायलॉनचं दातेरी चाक बसवलं असतं, तर मिस्त्रींचा सगळ्या बाजूंनी फायदाच होता. ग्रीसनं हात काळे होणार नव्हते, कारखान्याच्या मालकीणबाई खूश झाल्या असत्या आणि डब्यांची झाकणं दाबणारं ते यंत्र एकदाचं गप्प बसलं असतं. सरळ दात्यांची पोलादी चाकं ती! दाता दात्याला पुऱ्या रुंदीनं एकदम भिडायचा, आणि प्रत्येक भेटीची थप्पड शेजारी उभ्या मिस्त्रींच्या कानांवर बसायची.

"दाते झिजलेत ना? मग आता नायलॉन घाला," मालकीणबाई कानाशी ओरडल्या. "निदान माणसाचं बोलणं माणसाला ऐकू तरी येईल!"

नेमकं तेच मिस्त्रींना नको होतं.

समोरच्या टेबलावर त्यांची बायको डबे तपासत होती. एका तापात तिचे कान गेले होते. आधीच्या कारखान्यानं त्यापायी तिला घरी बसवलं, तेव्हा ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजून होती. इथं मात्र खडखडाटामुळे सगळेच ओठ बघून बोलत, त्यामुळे तिचं कुणाला कळलंच नव्हतं. यंत्र गप्प झालं असतं, तर पहिल्याच हाकेला पितळ उघडं पडलं असतं.

"नायलॉन नाही चालायचं, बाई. झटक्याचा भार आहे. तापून मऊ पडलं की दाते उडतील."

झाकणं दाबायला कसला आलाय झटका! नायलॉननं तो हसत पेलला असता. पण मिस्त्री खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जन्मभराची ती पुण्याई त्यांनी एका चाकावर उधळली.

"बरं, मग छोटं चाक तेवढं बदला."

"छे! झिजलेल्याशी नवं जुळत नाही, एकमेकांना खातात. बदलायची तर जोडीच."

दुपारी जेवणाचा डबा उघडताना बायको म्हणाली, "अहो, इतक्या थापा?"

"तुला गं कसं ऐकू आलं?"

"एवढ्या लांबून दिसत होत्या!"

पोलादाची नवी जोडी लागली. पहिलीइतकीच जोरात वाजू लागली.

पुढं काही वर्षांनी एका संध्याकाळी शेजारीण त्यांच्या घरात घुसली. "अगं बाई, दार ठोकून हात मोडले माझे! दूध उतू चाललंय!" तिनं स्वतःच गॅस बंद केला. नवराबायको दिव्याखाली समोरासमोर बसली होती. बायको सावकाश बोलत होती आणि मिस्त्री शाळकरी पोरासारखे तिचे ओठ वाचत होते. चुकले की ती हसत होती.

तिचं टेबल शेवटपर्यंत टिकलं. किंमत भरली मिस्त्रींच्या दोन कानांनी, आणि थोडीफार त्या शेजारणीच्या हातांनी.