कवळीवालीची टाकी

महिना होत आला तरी कवळीवालीच्या बैठकीच्या खोलीत काचेची टाकी नुसत्या पाण्यावर उभी होती. आत दगड, वर दिवा, कोपऱ्यात गुरगुरणारा पंप. मासा एकही नाही. घरच्यांच्या डोक्याला या रिकाम्या पाण्याचा भलताच ताप झाला होता.

"पाण्याचं काय दर्शन घ्यायचं रोज?" नवरा येता-जाता विचारायचा.

"मुरतंय ते."

"पाणी भिंतीत मुरतं एवढंच माहीत होतं मला."

समुद्रातले मासे पाळायचे म्हणजे मीठ कालवलं आणि मासा सोडला, असं नसतं. माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी दगडांवर धरावे लागतात, त्याला आठवडे जातात. तोवर मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. हे तिने वाचून, दुकानदाराला पिडून शिकून घेतलं होतं. मागच्या खोलीत ती दिवसभर कवळ्या बनवायची. नाकात प्लास्टरची धूळ, टेबलावर गुलाबी हिरड्या, डबीत दातांच्या ओळी. कवळी केसभर जरी चुकली तरी घालणाऱ्याच्या तोंडात फोड येतो आणि तो जेवण सोडतो. त्यामुळे घाईचं आणि तिचं कधी जमलंच नाही.

तिला टाकीत काय हवं होतं? दोन क्लाउन मासे. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, एकत्र वाढलेली जोडी. बस्स. या घरात पडदे सासूबाईंच्या पसंतीचे होते, सोफा नवऱ्याच्या, टीव्ही दिराच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या पसंतीचं म्हणून दाखवावं असं घरात काही नव्हतं. टाकी तिची होती.

चार दिवस ती बहिणीकडे गेली. तोवर पाणी मुरलेलं असणार म्हणून परतताना दुकानातून जोडी घेतली आणि पाण्याने फुगलेली पिशवी छातीशी धरून घरात आली. टाकीत एक निळा मासा फिरत होता. बोटभर लांब, विजेसारखा चमकणारा.

"सरप्राइज!" दीर सोफ्यावरून म्हणाला. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण जेवायला आणि अक्कल पाजळायला इथेच यायचा. "डॅमसेल आहे वहिनी. दुकानदार म्हणाला, कशातही जगते. तुम्ही गेलात त्याच दिवशी सोडली. म्हटलं, टाकी कशी ओकीबोकी दिसते."

"भाऊजी, मला विचारलंत?"

"भेट काय विचारून देतात?"

"अगं, प्रेमाने आणलंय त्याने," नवरा म्हणाला.

झालं. प्रेमाने आणलं म्हटलं की या देशात, त्या देशात, कुठल्याही देशात बाईने तोंड मिटायचं असतं. विष आणलं तरी वाटीत घालून "छान आहे" म्हणायचं.

कवळीवालीला माहीत होतं, ही जात कशी असते. दिसायला देखणी, अंगाने चिवट आणि स्वभावाने सावकार. जिथे आधी पोचेल ती जागा बापजाद्यांची समजते. म्हणून अशा माशाला सोडायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, गरीब मासे आधी स्थिरावल्यावर. इथे उलटंच होऊन बसलं होतं. पण पिशवीतलं पाणी किती वेळ पुरणार? तिने जोडी सोडली.

निळी आलीच. धाकट्या क्लाउनला तिने आधी एका बाजूने ढुसणी दिली, मग दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत दोघं पंपाच्या मागे, दोन बोटांच्या फटीत, अंग चोरून. खायला टाकलं की निळी मध्ये उभी. पुढच्या दिवसांत धाकट्याच्या शेपटीची झालर झाली, जोडीतल्या मोठीचं पोट आत गेलं.

"होईल सवय. भांड्याला भांडं लागतंच," सासूबाई म्हणाल्या.

"भांडं नाही हो आई, चावतेय ती."

तिने जाळी घातली. निळी दगडांत शिरली. दगड हलवून पाहिले, जागा बदलल्या तर तिची मिरास मोडेल म्हणून. दिवस गेला नाही तोच निळीने नवी मिरास मांडली. शेवटी तिने दुकानदाराला फोन केला.

"सगळे हिलाच परत आणतात," तो हसला. "मी घेत नाही. असं करा ना, जोडी परत द्या. लगेच जाते. निळी एकटी मस्त जगेल."

नवऱ्याने ऐकलं. "सोपं आहे की मग."

सोपं! जे नको म्हणत होती ते ठेवायचं आणि जे हवं होतं ते परत करायचं, आणि याला म्हणायचं सोपं.

"बघते," एवढंच ती बोलली.

रविवारी तिने कवळीच्या साहित्यातून पारदर्शक तक्ता काढला आणि छोट्या यंत्राने त्याला भोकं पाडायला बसली. मध्ये पडदा घातला की पाणी आरपार खेळेल, मासे जाणार नाहीत. जोडी तरी वाचेल. दीर आला, मागे उभा राहून बघू लागला.

"वा! अर्धं-अर्धं. मिटलं म्हणायचं."

"हं."

"फक्त वहिनी, निळीकडे जरा जास्त जागा सोडा. ती चपळ आहे, तिला फिरायला लागतं. तुमचे दोघं काय, कोपऱ्यातच तर बसतात."

यंत्र थांबलं.

कवळीवाली उठली. तक्ता टेबलावर ठेवला. मोठा टब आणला, नळीने टाकीतलं बरंचसं पाणी त्यात उतरवलं. मग बाह्या सरसावल्या आणि एकेक दगड उचलून परातीत ठेवायला लागली. जमिनीवर पाण्याचं तळं झालं. नवरा "अगं, अगं" करत फडकं घेऊन धावला, सासूबाई जेवण गार होतंय म्हणून ओरडल्या. लपायला दगड उरला नाही तेव्हा निळी दुसऱ्या झटक्यात जाळीत आली.

तिने टबातलं थोडं पाणी छोट्या बादलीत घेतलं, ती त्यात सोडली आणि बादली दिरासमोर ठेवली. वर मिठाची पिशवी, पाणी गरम ठेवायचा हीटर, जुना पंप.

"धरा भाऊजी."

"म्हणजे? मी काय करू हिचं?"

"पाळा. पाणी रोज थोडं बदलायचं. मीठ मोजून घालायचं, स्वयंपाकाचं नाही."

"मला यातलं काय कळतं?"

"मला कुठे कळत होतं? वाचलं मी."

"दादा, बघ ना!"

दादा फडकं पिळत होता. "एवढ्याशा माशावरून घरात—"

"मासा एवढासाच आहे," ती म्हणाली. "बादलीत मावला. न्या."

दीर बादली सांभाळत, दर पायरीला पाणी सांडत आणि शिव्या गिळत जिना उतरला. तिने दगड परत रचले, राखलेलं पाणी घातलं, दिवा लावला. तोवर बाकीच्यांची जेवणं उरकली होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. ती ओल्या बाह्यांनीच टाकीसमोर बसली.

सगळी टाकी मोकळी होती. जोडी पंपाच्या मागे, त्याच फटीत, अंग चोरून.

तिने खाणं टाकलं. कण सावकाश खाली गेले, दगडावर बसले. दोघं हलली नाहीत.

"गेली ना ती!" कवळीवाली काचेवर ओरडली, आतल्या खोलीतून सासूबाईंनी मान बाहेर काढली तरी थांबली नाही. "गेली म्हणते ना! आता कोणाच्या बापाची भीती आहे तुम्हाला? या बाहेर!"