आजारी माणसाला बर्फ

चीनमधल्या लोयांगच्या माणसाला सकाळी उठल्याउठल्या जीभ पोळेल असं सूप लागतं, आणि फान तर पक्का लोयांगकर. ताप आला, गरम पाणी. पोट दुखलं, गरम पाणी. बायको रुसली तरी हा बाबा तिच्यापुढे वाफाळता पेला ठेवणार. थंड पाणी म्हणजे त्याच्या लेखी विषच. तेव्हा बायकोच्या, म्हणजे रुइफांगच्या, पहिल्या केमोला नर्स छ्याओने बर्फाच्या तुकड्यांचा वाडगा पुढे केला आणि "मावशी, औषध चढतंय तोवर हे चघळत राहा" म्हणत ती दुसऱ्या खाटेकडे वळली, तेव्हा त्याने काय करावं? वाडगा उचलून सरळ बेसिनमध्ये ओतला आणि थर्मासमधलं कढत पाणी बायकोला पाजलं.

"आजारी माणसाला बर्फ!" तो पुटपुटला. "आजकालच्या पोरींना अक्कल म्हणून नाही."

आठवडा व्हायच्या आत रुइफांगचं तोंड आलं. साधंसुधं नाही. ओठांच्या आत, जिभेच्या कडेला, पार घशापर्यंत चट्टेच चट्टे. आवंढा गिळतानासुद्धा डोळ्यांतून धारा लागायच्या. फान बिचारा पुन्हापुन्हा गरम पाणी आणायचा, चमच्याने पाजायचा, आणि ती कळवळली की स्वतःच रडकुंडीला यायचा.

एरवी रुइफांग म्हणजे गल्लीतली तोफ. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत कुणाचीही हजेरी घ्यायची, नवऱ्याची तर रोजचीच. ती गप्प झाली आणि घर फानला खायला उठलं. मग एका दुपारी ती कशीबशी बोलली. "बास झालं, म्हाताऱ्या. मरायचंच असेल तर चार घास खाऊन मरेन. मी तिकडे परत जायची नाही."

डॉक्टरांनी बजावलं होतं की केमोची सगळी इंजेक्शनं पुरी झाली तर बाई बरी होईल, मध्येच सोडलीत तर हमी नाही. फानने विनवण्या केल्या, चिडून पाहिलं, लेकीला फोन लावून दिला. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली, ती पडलेलीच. बायको हातची जाणार असं त्याला दिसू लागलं. शेवटी तो एकटाच दवाखान्यात जाऊन छ्याओपुढे उभा राहिला.

सगळं ऐकून तिने विचारलं, "काका, मावशींनी बर्फ नीट चघळला होता ना?"

"बर्फ?" फान चाचरला. "तो मी... ओतून दिला."

"ओतून दिलात?"

"आजारी बाई, गं पोरी! तिला गार कसं द्यायचं?"

छ्याओने कपाळाला हात लावला. "अहो काका, गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग तिथे औषध कमी पोचतं, तोंड कमी सोलवटतं. सगळ्या औषधांना बर्फ चालत नाही, मावशींच्या औषधाला चालतो. आणि आता ते कढत पाणी आधी बंद करा. आलेल्या तोंडावर निखारे ठेवताय तुम्ही."

तिने तोंड बधिर करणारं औषध दिलं, मऊ ब्रश घ्यायला सांगितलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, आणि पेज निववून द्यायला सांगितली. फान घरी आला तो पाय ओढतच. बायकोच्या खाटेशी बसला आणि सगळं सांगून टाकलं. "माझ्यामुळे झालं गं. तुझं भलं करायला गेलो आणि तुलाच जाळलं."

रुइफांगने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग उशी उचलली आणि त्याच्या टकलावर हाणली. पुन्हा हाणली. दमली तेव्हा म्हणाली, "एकदा. फक्त एकदा बघते तुझा तो बर्फ. परत तोंड आलं तर माझ्या वाटेला जायचं नाही."

तोंड बरं झाल्यावर ते पुन्हा गेले. औषध सुरू व्हायच्या आधीच तिने पहिला तुकडा जिभेवर ठेवला आणि शहारली. फानला ते बघवेना. त्यानेही एक खडा तोंडात टाकला. बाप रे! जन्मात कधी गार न शिवलेले त्याचे दात असे कळवळले की तो खुर्चीतून उडालाच. रुइफांग गालात बर्फ धरून खुदखुदत राहिली. तरी पठ्ठ्याने शेवटपर्यंत साथ सोडली नाही.

पुढचे दिवस तो जीव मुठीत धरून होता. रोज सकाळी टॉर्च घेऊन तिच्या तोंडात डोकवायचा. एका ठिकाणी लाली आली, दोन दिवस चुरचुरली आणि गेली. ती शेवया खाऊ लागली, मग वाफवलेलं अंडं. तरी पुढच्या इंजेक्शनचं नाव तिने काढलं नाही, आणि विचारायची त्याची छाती होईना.

मग एकदा तो ओटा पुसत असताना आतून आवाज आला. रुइफांग फोनवर धाकट्या बहिणीशी बोलत होती. बोलत कसली, तोफच डागत होती. "काय सांगू तुला, हा म्हातारा म्हणजे शुद्ध वेडा आहे! शेवयांचा पार लगदा करतो. कपडे वाळत घालतो तेही उलटे. हो, ये की. बुधवारी नको गं, बुधवारी मला इंजेक्शनला जायचंय."

फान ओट्याशी तसाच उभा राहिला. डोळे भरून आले. आत ती त्याची आणखी काय काय उणीदुणी काढत होती, आणि तो ती सगळी कान देऊन ऐकत होता.